नोंदवहीतली दोन माणसं

माझ्या वडिलांचा एक नियम होता, अजूनही आहे: डोंगरात एकट्याने जायचं नाही. ते पाटबंधारे खात्यात होते आणि मोजणीच्या कामासाठी त्यांनी साताऱ्याकडचे डोंगर पायी पालथे घातले होते. त्यामुळे हा नियम ते सल्ला दिल्यासारखा सांगत नसत, खात्याचं परिपत्रक वाचल्यासारखा सांगत. "दोघं तरी हवेत. एकाचा पाय मोडला तर दुसरा ओरडायला." मी नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या एका फ्योर्डला समुद्रपक्षी बघायला आणि डोंगर चढायला जाणार आहे, हे त्यांना रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तेव्हा पहिला प्रश्न तोच आला.

"दोघं जाताय ना?"

"हो बाबा, दोघं," मी म्हटलं.

दोघं कुठले! माझा नवरा दीड वर्षापूर्वी घर सोडून इथे नेदरलँड्समध्येच रायस्वाइक गावाला राहायला गेला होता आणि मधल्या काळात घटस्फोटाचे कागदही झाले होते. तमाशा काही झाला नाही. मूलबाळ नव्हतं, भांडायला तसं काही उरलंही नव्हतं. एका संध्याकाळी भांडी विसळता विसळता तो म्हणाला की आपण एकमेकांशी फक्त किराण्याबद्दल बोलतो, आणि मला त्यात खोडून काढण्यासारखं काही सापडलं नाही.

तो गेल्याचं इथल्या खेमेंटेला, म्हणजे नगरपालिकेला, पंधरा दिवसांत कळलं. घरी पत्र आलं, त्यात घरात राहणाऱ्या व्यक्तींपुढे 'एक' असं छापलेलं होतं. डॉक्टरला कळलं, कारण मला झोप लागत नव्हती. शेजारच्या डच आजोबांना कळलं, कारण दारात दोनऐवजी एकच सायकल दिसायला लागली. कळलं नव्हतं ते फक्त बाबांना.

आधी म्हटलं, आईला जाऊन वर्षच झालंय, इतक्यात नको. मग त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या, म्हणून नको. मग ठरवलं की फोनवर नकोच, डिसेंबरात जाऊ तेव्हा समोर बसून सांगू. डिसेंबरात गेले आणि समोर बसून सांगितलं की त्याला रजा मिळाली नाही. बाबांनी जावयासाठी म्हणून शेंगदाण्याची चटणी डबा भरून बांधून दिली. ती मी ऑफिसच्या डब्यात नेऊन तीन महिने एकटीने खाल्ली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ मात्र झाकून झाकून आखडून गेली होती.

रविवारच्या कॉलची माझी तयारी बघण्यासारखी असायची. तो जाताना त्याचा जुना रेनकोट विसरून गेला होता. लॅपटॉप मी असा ठेवायचे की मागच्या खुंटीवरचा तो रेनकोट बाबांना दिसावा. टेबलावर दोन कप ठेवायचे. "तो कुठाय?" असं बाबांनी विचारलं की कधी तो सायकलवर गेलेला असायचा, कधी झोपलेला, कधी बाजारात. बाबा म्हणायचे, "बरं, माझा आशीर्वाद सांग." मी म्हणायचे, "सांगते." कॉल संपला की दोन्ही कप विसळायचे. एक वापरलेलाच नसायचा, तरी विसळायचे.

इथे माझं काम काय ते सांगायला हवं, कारण पुढचा घोळ त्यातूनच झाला. एकोणीस वर्षांपूर्वी मी नवऱ्याच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर नेदरलँड्सला आले. पहिली काही वर्षं सायकल आणि डच भाषा शिकण्यात गेली, आणि मग वाखनिंगनला बियाणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, काही दिवसांनी कागद उलगडायचा, किती उगवल्या ते मोजायचं. समोर जेवढ्या दिसतात तेवढ्याच लिहायच्या, किती उगवायला हव्या होत्या याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पंधरा वर्षं मी हे करते आहे. आता माझा हात रकाना दिसला की आपोआप खरा आकडा लिहितो. जीभ मात्र हाताकडून काही शिकली नाही.

पक्ष्यांचा नाद नवरा गेल्यावर लागला. रविवारचा कॉल संपला की उरलेला दिवस अंगावर यायचा. मग मी गावाबाहेर ऱ्हाइन नदीच्या काठी पक्षी बघणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींत जायला लागले. तिथलं मला एक फार आवडलं. दुर्बीण डोळ्याला लावली की गप्प बसणं उद्धटपणाचं ठरत नाही, आणि कोणी काही विचारत नाही. त्यांच्यातल्या एका बाईंनी त्या फ्योर्डबद्दल सांगितलं: समुद्र डोंगरांच्या मधून आत घुसलेला, कड्यावर हजारो पक्षी, आणि जूनमध्ये सूर्य मावळतच नाही. या सपाट देशात इतकी वर्षं काढल्यावर मला चढाचीच भूक लागली होती. मी तिकीट काढलं. एकच.

दोन विमानं, एक बस आणि एक फेरीबोट, असं करत मी पोचले. आपल्याकडच्या खाडीसारखं काहीतरी असेल असं मला वाटलं होतं, पण इथे डोंगर दोन्हीकडून थेट पाण्यात उतरलेले होते आणि माणसांसाठी मध्ये जेमतेम दहा-बारा घरांची जागा उरलेली. माझी खोली मासळीच्या एका जुन्या गोदामात होती. आता त्याचं अतिथिगृह केलं होतं. मालकीणबाई समोरच्या घरात राहायच्या. किल्ली दारावरच्या पेटीत, स्वयंपाक आपला आपण, त्यामुळे पहिल्या दिवशी मी त्यांना दिसलेच नाही. एकट्याची खोली शिल्लक नव्हती म्हणून दोन खाटांची घेतली होती. एका खाटेवर मी बॅग ठेवली, म्हणजे ती तेवढी रिकामी दिसणार नाही.

गोदामाच्या खिडक्यांच्या कठड्यांवर कुरव जातीच्या पांढऱ्या समुद्रपक्ष्यांनी घरटी केली होती, आणि त्यांचा गलका असा की लग्नघरातले सगळे नातेवाईक एकदम रुसलेत असं वाटावं. मी कानात बोळे घालून झोपले.

सकाळी बाबांचा मेसेज आला. "डोंगरावर चढण्यापूर्वी नोंद करण्याची सोय असते. चौकशी कर. नोंद केल्याचा फोटो पाठव." चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, नोंद झाल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आणि सोय खरंच होती. बाहेरच्या दाराजवळ एक जाड वही दोरीने बांधून ठेवली होती. त्यात नाव, किती जण, कुठली वाट, किती वाजता निघालात, आणि शेवटचा रकाना, किती जण परत आलात. मी नाव लिहिलं. 'किती जण' पाशी पेन थांबलं. हा फोटो साताऱ्याला जाणार होता, आणि बाबा तो बोटांनी मोठा करून वाचणार होते.

मी 'दोन' लिहिलं. फोटो काढला, पाठवला. लगेच उत्तर आलं, "छान. दोघांनी जपून जा." खोडून एक करायला मी पुन्हा पेन उचललंही होतं. तेवढ्यात दुसऱ्या खोलीतलं एक जर्मन जोडपं बूट घालायला तिथे आलं, आणि त्यांच्या देखत दोनाचा एक करायची मला लाज वाटली. म्हटलं, कोण बघतंय. निघाले.

वाट खुरट्या झाडांतून वर जात होती. मग दलदल आली, तिच्यावर फळ्या टाकलेल्या. मग दगडच दगड, मध्ये मध्ये घाणेरडा झालेला बर्फ. गुडघे कुरकुरत होते, पण वर गेल्यावर पलीकडचा कडा दिसला आणि मी मटकन खालीच बसले. कड्याच्या प्रत्येक कपारीत पक्षी, खांद्याला खांदा लावून, समुद्राकडे पाठ करून उभे. खालच्या गवताळ उतारावर पफिन होते. गोल गोल, काळे-पांढरे, रंगीत चोचीचे. त्यांतला एक चोचीत आडवे मासे धरून आला, बिळाच्या तोंडाशी थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि मग आत गेला.

"हे बघ," मी मोठ्याने म्हटलं.

शेजारी कोणी नव्हतं. त्या सबंध डोंगरावर कोणी नव्हतं. नवरा गेल्यापासून मला त्याची आठवण फारशी आली नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्या क्षणीही त्याची आली नाही. मला फक्त कोणीतरी हवं होतं, 'हे बघ' म्हटल्यावर मान वळवणारं कोणीही. मी तिथे तासभर बसले, दोन संत्री खाल्ली आणि बराच वेळ रडले. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंच, त्यामुळे रडणं कुठे संपलं ते कळलं नाही.

चारच्या सुमाराला खाली आले. दमून अंगाचा पार भुगा झाला होता. दारातली वही उघडली, माझी ओळ शोधली. शेवटचा रकाना: किती जण परत आलात. मी स्वतःकडे पाहिलं असेल, नसेल, पण हाताने त्याचं काम केलं. मी 'एक' लिहिलं. वर जाऊन गरम पाण्याने अंघोळ केली, कानात बोळे घातले आणि झोपले.

जाग आली तेव्हा सात वाजले होते आणि बाहेर दुपारसारखं ऊन होतं. खिडकीतून पाहिलं तर धक्क्यावर नारिंगी जॅकेट घातलेली सात-आठ माणसं जमली होती. एक बोट सुरू होऊन बाहेर निघाली होती. मी खाली गेले. गर्दी दिसली की जाऊन बघायचं हे आपल्या रक्तातच आहे. कडेला उभ्या असलेल्या एका तरुणीला मी विचारलं, काय झालं?

"डोंगरावर कोणीतरी राहिलंय," ती म्हणाली. "भारतीय माणूस आहे."

आता मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला आनंद झाला. म्हटलं, अरे, इथे आणखी कोणी भारतीय आहे! कुठला असेल? मराठी असला तर? तो बिचारा डोंगरात पाय मोडून पडला असेल हे नंतर सुचलं. मी म्हटलं, "मी पण आज वर गेले होते. मी मदत करू शकते. मला वाट माहीत आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने मालकीणबाईंना हाक मारली. त्या धावत आल्या, त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना? आम्ही किती वेळ तुमचं दार वाजवत होतो. तुमचा नवरा तुम्हाला शेवटचा कुठे दिसला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन गेले, एक आला. साडेपाचला मालकीणबाईंनी वही पाहिली होती.

"दुसरं कोणी नाही," मी म्हटलं. "मी एकटीच आहे."

हे वाक्य मी त्याआधी कोणाजवळही, कुठल्याही भाषेत, बोलले नव्हते. नगरपालिकेचं पत्र आलं होतं, मी नुसतं वाचलं होतं. आता आठ अनोळखी माणसांसमोर म्हणावं लागलं. त्यांना ते एकदा ऐकून पुरलंही नाही. त्यांचा म्होरक्या पांढऱ्या दाढीचा, कोळी असावा. तो शांतपणे म्हणाला, "वहीत दोन लिहिलंय."

"खोटं लिहिलं होतं."

"का?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांना दाखवायला." यापुढचं समजावून सांगण्याइतकं इंग्रजी मला येत नव्हतं. ते कोणालाच येत नसावं.

तो रागावला नाही. पण म्हणाला की नवरा असा एखादा माणूस असेल, तर तो सुखरूप आहे एवढं ऐकल्याशिवाय बोट परत बोलावता येणार नाही. हात दाखवून अवलक्षण ते हेच. मी सगळ्यांच्या देखत नवऱ्याला फोन लावला. पाच महिन्यांनी लावला होता. "हां, बोल," तो म्हणाला. मागे कुकरची शिट्टी झाली. मी काही न बोलता फोन त्या दाढीवाल्याच्या हातात दिला. तो दोन मिनिटं बोलला, मान हलवली, मग फोन मला परत दिला आणि बोटीला हाताने खूण केली.

"तू बरी आहेस ना?" नवऱ्याने विचारलं.

"हो."

मग त्याने विचारलं, "बाबांना अजून सांगितलं नाहीस?"

"ठेवते," मी म्हटलं आणि ठेवला.

माणसं पांगली. कोणाचं जेवण अर्धवट राहिलं होतं, कोणी मुलांना शेजारी ठेवून आलं होतं. मी ज्याला त्याला सॉरी म्हणत होते. मालकीणबाईंनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन माशाचं सूप दिलं. मी पुन्हा माफी मागायला लागले तेव्हा म्हणाल्या, "आम्हाला इथे फक्त आकडा खरा लागतो. बाकी तुमचं तुम्ही बघा." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

खोलीत आले तर बाबांचा मेसेज पडला होता. "दोघं नीट उतरलात का?" साताऱ्यात तेव्हा ते झोपले असणार. 'हो' टाकलं असतं तर सगळं पुन्हा जागच्या जागी बसलं असतं, रेनकोट, कप, सगळं. मी काहीच टाकलं नाही. उत्तर न दिल्यामुळे त्यांना सकाळी उठल्या उठल्या काळजी वाटेल हे माहीत होतं, तरी टाकलं नाही.

सकाळी आठ वाजता धक्क्यावर जाऊन मी त्यांना फोन केला. तिकडे साडेअकरा. पहिल्याच रिंगला उचलला.

"अगं, आहात कुठे? दोघांपैकी एकाने तरी कळवायचं ना!"

"बाबा, आम्ही वेगळे झालो."

"काय? काही कळत नाही. मोठ्याने बोल." बाबांना कमी ऐकू येतं. यंत्र आहे, ते खणात असतं.

"आम्ही वेगळे झालो!"

"अगं, गलका कसला आहे तिथे?"

"पक्षी आहेत, बाबा!" मी ओरडले. मग थांबताच आलं नाही. "आमचा घटस्फोट झाला! दीड वर्ष झालं! तो घरी राहत नाही! मी एकटी राहते! इथेही एकटीच आलेय!"

बोटीवर दोर गुंडाळणाऱ्या एका माणसाने वर पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली.

पलीकडे खण उघडला, बंद झाला. मग बाबांचा आवाज आला. "काल डोंगरावर?"

"एकटीच."

"वहीत दोन लिहिलं होतंस."

"तुमच्यासाठी लिहिलं."

"नोंदीत खोटं लिहिलंस?" ते कडाडले. लग्न मोडल्यापेक्षा त्यांना आधी हेच झोंबावं, याचं मला हसू आलं असतं, पण आलं नाही. "आणि दीड वर्ष? मी कोण लागतो तुझा? शेजारीपाजारी?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून, बाबा. आई नाही, तुम्ही एकटे असता. म्हटलं, तुमचे दिवस तरी सुखात जाऊ देत."

मग खालच्या पट्टीत, मला कान फोनला चिकटवावा लागेल इतक्या हळू म्हणाले, "तुझी आई गेली त्या दिवशी मी तुला फोनवर काय सांगितलं होतं, आठवतं?"

आठवत होतं. ते म्हणाले होते, "अ‍ॅडमिट केलंय. घाबरू नकोस, पण निघ." आई त्याच्या दोन तास आधीच गेली होती. हे मला साताऱ्याला घराच्या दारात कळलं. विमानात मी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून काढले होते. विमानतळावर आईसाठी लोकरीचे मोजे घेतले होते, हॉस्पिटलात एसी फार असतो म्हणून. याबद्दल आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नव्हतो.

"मला वाटलं होतं," बाबा म्हणाले, "तेवढे तास तरी तुझे बरे जातील. गेले का?"

'हो बाबा' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"दर रविवारी मला त्याचा रेनकोट दिसायचा, तो कधी दिसला नाही. मग माझं हे दीड वर्ष बरं गेलं असेल, असं तू कशावरून धरलंस?"

मी फोन ठेवला नाही. त्यांनीही नाही.